एम-चॅटचा स्कोअर म्हणजे ऑटिझमचं डायग्नोसिस नाही

मुलाच्या फाइलमध्ये एम-चॅटचा, म्हणजे लहान मुलांमध्ये ऑटिझमची शक्यता बघायच्या प्रश्नांचा फॉर्म असतो आणि आपण शाळेत जाऊन सांगतो की ऑटिझमची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. मी पण हेच केलं होतं, म्हणून लिहितेय. तो फॉर्म म्हणजे स्क्रीनिंग, पुढे तपासायची गरज आहे का एवढंच बघणं, डायग्नोसिस वेगळं.

एम-चॅट-आर (एम-चॅटची सुधारित आवृत्ती) मध्ये २० हो-नाही प्रश्न असतात, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, आणि उत्तरं आईबाबाच देतात, त्यात मुलाला कोणी तपासत नाही. उदा. खोलीच्या त्या टोकाची वस्तू बोटाने दाखवली तर तो तिकडे बघतो का. बहुतेक प्रश्नांना 'नाही' म्हटलं की एक मार्क, पण २, ५ आणि १२ नंबरचे उलटे आहेत, म्हणजे रोजच्या आवाजांनी त्रास होतो का याला 'हो' म्हटलं की मार्क. घरी मोजताना माझी इथेच गडबड झाली आणि स्कोअर भलताच आला, रात्रभर झोप नाही.

० ते २ म्हणजे धोका कमी, पण तरीही तुम्हाला शंका असेल तर डॉक्टरांशी बोलाच, फॉर्ममधून काही मुलं सुटतात. ३ ते ७ आलं तर त्याच प्रश्नांवर पुन्हा खोदून विचारतात, उदाहरणं मागतात, आणि ८ किंवा जास्त असेल तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. स्कोअर जास्त आलेल्या सगळ्यांना ऑटिझम निघतोच असं नाही, काहींचं बोलणं नुसतं उशिरा येत असतं.

डायग्नोसिसमध्ये मात्र तज्ज्ञ मुलासोबत बसतात, खेळताना बघतात (एडॉस-२ वगैरे, म्हणजे ठरलेले खेळ-गप्पा घेऊन करायची तपासणी), तुमच्याकडून अगदी लहानपणापासूनचं सगळं विचारून घेतात, कान तपासून घ्यायला सांगतात. रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन करून ऑटिझम कळत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ प्रमाणे (डॉक्टर डायग्नोसिससाठी वापरतात ते निकषांचं पुस्तक) लोकांशी संवादातल्या तिन्ही गोष्टींत, म्हणजे बोलण्या-भावनांची देवाणघेवाण, नजर-हावभाव आणि नाती जुळवणं यांत अडचण हवी, शिवाय तेच तेच करणं, ठरलेलं बदललं की बिथरणं, एखाद्याच विषयाचं वेड, आवाज-स्पर्शाचा त्रास किंवा ओढ या चारातल्या किमान दोन. रिपोर्टमधली लेव्हल १, २, ३ ही किती मदत लागेल त्यावरून ठरते, त्यावरून हुशारी मोजत बसू नका.

आता शाळा. स्पेशल सवलतींसाठी बहुतेक वेळा डायग्नोसिसचा रिपोर्ट मागतात, पण खरं सांगू का, नुसतं 'लेव्हल २' वाचून वर्गातल्या टीचरला काय करायचं ते कळत नाही. 'घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली जातो, दोन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच करतो' हे लिहून दिलं की त्या लगेच एकेक सूचना द्यायला लागतात, आणि यासाठी रिपोर्टची वाटही बघावी लागत नाही. स्पीच थेरपीचंही तसंच, तपासणीचा नंबर लागायला महिने जातात, तोवर सुरू करता येते. म्हणून स्क्रीनिंगच्या दिवशीच डॉक्टरांकडून तज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी, कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी, तिन्ही लिहून घ्या.