कडक कोच आणि मोकळा कोच: घोळ नेमका कुठे होतो

फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची रात्री साडेबाराची मॅच संपली की सकाळपर्यंत फोनवर तेच सुरू असतं. टीम हरली की ‘कोच फार मऊ आहे, कुणीतरी कडक माणूस आणा’. कडक माणूस आणला आणि तोही हरला की ‘पोरांना नुसतं जखडून ठेवलंय, जरा मोकळं सोडा’. आमच्या कोल्हापुरात हा वाद शाहू स्टेडियमच्या गॅलरीतही होतो आणि चहाच्या टपरीवरही. कडक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तालमीतला वस्ताद उभा राहतो: उशिरा आलास तर दोनशे बैठका, उलट बोललास तर चालता हो. मोकळा म्हणजे ज्याच्याकडे असलं काही नाही तो. इतक्या वर्षांत हा घोळ मी इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदा नीट मांडतोच.

कडक कोच तुम्हाला सांगायला नको. मँचेस्टर युनायटेडचा ॲलेक्स फर्ग्युसन सगळ्यांना पाठ आहे. 15 फेब्रुवारी 2003, एफए कपमध्ये आर्सेनलकडून घरच्या मैदानावर 0-2 हार. ड्रेसिंग रूममध्ये संतापून त्याने जमिनीवरच्या बुटाला लाथ मारली, तो उडाला आणि बेकहॅमच्या डाव्या भुवईवर लागला. टाके पडले. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला. यॅप स्टाम, रॉय कीन, व्हॅन निस्टलरॉय, जो नकोसा झाला त्याला दार दाखवलं. मोकळा कोच म्हणून कार्लो अँचेलोटीचं नाव घेतलं जातं. एक भुवई वर, तोंडात च्युइंग गम, खेळाडूंशी मित्रासारखं बोलणं, आणि कोच म्हणून पाच चॅम्पियन्स लीग: 2003, 2007, 2014, 2022, 2024. सूट की ट्रॅकसूट, रेषेवर आरडाओरडा की खिशात हात, हे फरक टीव्हीवर दिसतात म्हणून लोक त्यावर तासभर बोलतात. त्यात काही नाही. सोडून द्या.

खरा घोळ पुढे आहे. ‘कडक’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक आहे वागणुकीची शिस्त. किती वाजता यायचं, काय खायचं, कुठे झोपायचं, केस कसे कापायचे, पेपरवाल्यांशी काय बोलायचं. दुसरी आहे खेळाची सक्ती. बॉल आपल्याकडे असताना मी कुठे उभं राहायचं, बॉल गेल्यावर किती पावलं कुणीकडे पळायचं, आणि मला एखादी गोष्ट सुचली तर ती करायची मुभा आहे का. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. एकाच कोचमध्ये एक घट्ट आणि दुसरी सैल असू शकते. बऱ्याचदा असतेच.

पेप गार्डिओला घ्या. 2008 मध्ये बार्सिलोनाचा कोच झाला. उशीर केला तर दंड त्याच्याकडेही होता. पण घरच्या मॅचच्या आदल्या रात्री सगळ्यांना हॉटेलात कोंडायची जुनी पद्धत त्याने बंद केली. घरी झोपा, बायकापोरांबरोबर राहा, मॅचच्या दिवशी या. मॅच संपल्यावर तो ज्या पद्धतीने खेळाडूंना कवटाळतो ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून लोक म्हणतात, पेप प्रेमळ आहे, पोरांना मोकळं खेळू देतो. या वाक्यावर मी दर वेळी थांबतो आणि समोरच्याला थिएरी हेन्रीची गोष्ट सांगतो. हेन्रीने ती निवृत्तीनंतर टीव्हीवर स्वतः सांगितली आहे. त्याला डाव्या बाजूला रुंद उभं राहायचं होतं, रेषेजवळ. बॉल येत नव्हता, कंटाळा आला, म्हणून तो मेस्सीच्या बाजूला सरकला आणि तिथे बॉलला पाय लावायला लागला. बेंचवर पेप चिडलेला दिसत होता. हेन्रीने त्याच मॅचमध्ये गोल केला. हाफटाइमला पेपने त्याला बाहेर काढलं.

गोल केलेल्या माणसाला. हेन्रीसारख्या माणसाला. पेपच्या हिशेबात शेवटच्या टप्प्यात पोहोचल्यावर काय करायचं ते तुझं तू बघ, पण तिथे बॉल पोहोचेपर्यंत प्रत्येकाने आपापली जागा धरायची. एक जण हलला की पास द्यायच्या दोन वाटा बुजतात आणि बाकी दहा जणांचं गणित कोसळतं. ही गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात कडक सक्ती आहे, आणि ती घरी झोपायला सोडणाऱ्या, मिठ्या मारणाऱ्या माणसाची आहे.

आता फर्ग्युसन परत बघा. वागणुकीत त्याच्याइतका घट्ट माणूस विरळा. बेकहॅमने मोहॉक कापून घेतला तर मॅचआधी तो काढून टाकायला लावला. पण सरावाचं रोजचं काम तो सहायकांकडे सोपवायचा: आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लॅरेन, कार्लोस केरोझ. स्वतः कडेला उभा राहून बघायचा. मैदानात गिग्जने बचावपटूच्या अंगावर जायचं की आत कापायचं हे गिग्ज ठरवायचा. कँटोना पुढून मागे कधी उतरेल हे विरोधी बचावपटूंना कळायचं नाही, कारण ते कँटोनाच्या मनावर होतं. जानेवारी 1995 मध्ये याच कँटोनाने सेलहर्स्ट पार्कवर प्रेक्षकाला लाथ मारली आणि आठ महिन्यांची बंदी ओढवून घेतली. इंग्लंड सोडून निघालेल्या त्या माणसाची समजूत काढायला फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेला. 1 ऑक्टोबरला कँटोना परतला आणि त्या हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही घेतले. बूट उडवणारा फर्ग्युसन सगळ्यांना आठवतो, पॅरिसला गेलेला फारसा कुणाला आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्रायन क्लफला तर या दोनपैकी एका खणात बसवताच येत नाही. तो नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कोच असतानाची 1979 ची लीग कप फायनल, समोर साउदॅम्प्टन. आदल्या रात्री त्याने आणि त्याचा सहायक पीटर टेलरने खेळाडूंना हॉटेलात एकत्र बसवलं आणि दारू मागवली. आर्ची जेमिलला झोपायला जायचं होतं, जाऊ दिलं नाही. रात्री उशिरापर्यंत जुने किस्से चालले. दुसऱ्या दिवशी हाफटाइमला टीम 0-1 ने मागे होती, शेवटी 3-2 ने जिंकली. हा सैलपणा म्हणायचा की हुकूम? झोपायला न जाऊ देणं हाही हुकूमच. आणि याच क्लफचे खेळाडू रेफरीशी हुज्जत घालत नसत, त्याला ते अजिबात खपत नव्हतं. मैदानातल्या सूचना मात्र मोजक्या. बॉल मिळाला की डावीकडे जॉन रॉबर्टसनकडे द्या. रॉबर्टसन दिसायला अजागळ, सिगारेट ओढणारा, वेगाने सुमार. 1979 च्या युरोपियन कप (म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीग) फायनलमध्ये त्याच्या क्रॉसवर ट्रेव्हर फ्रान्सिसने गोल केला. 1980 ला गोल त्याचा स्वतःचाच. दोन्ही फायनल फॉरेस्टने 1-0 ने जिंकल्या.

तरीही कुणाला वाटत असेल की स्वभावावरून खेळ ओळखता येतो, तर त्याच्यासाठी माझ्याकडे अँचेलोटीचीच गोष्ट आहे. हा माणूस 1996 मध्ये पार्माला आला तेव्हाही असाच शांत होता. पण खेळाडू म्हणून तो मिलानमध्ये आरिगो साक्कीच्या हाताखाली घडलेला, आणि साक्कीचं 4-4-2 त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मागे चार, मधे चार, पुढे दोन, त्यात फेरफार नाही. जानफ्रांको झोलासारखा खेळाडू त्या चौकटीत बसेना म्हणून त्याला मिडफिल्डच्या कडेला ढकललं, आणि नोव्हेंबर 1996 मध्ये झोला चेल्सीला निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात रॉबर्तो बाज्जो यायला तयार होता. त्याला दोन स्ट्रायकरांच्या मागे खेळायचं होतं. अँचेलोटीच्या फॉर्मेशनमध्ये ती जागाच नव्हती, म्हणून नको म्हटलं. बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्या हंगामात लीगमध्ये 22 गोल केले.

आवाज न चढवता, कुणालाही न दुखावता, शांतपणे त्याने इटलीच्या दोन सर्वांत कल्पक खेळाडूंना दार बंद केलं होतं. त्याचा पुढे पश्चात्ताप झाल्याचं त्याने स्वतः कबूल केलंय. 1999 मध्ये युव्हेंटसला गेला तेव्हा समोर झिदान होता. झिदानला कडेला ढकलणं शक्य नव्हतं, मग फॉर्मेशन बदललं. मिलानमध्ये तर त्याने पिर्लोला बचावाच्या पुढ्यात बसवून तिथून खेळ चालवायला दिला, आणि सीडॉर्फ, रुई कोस्टा, नंतर काका यांना एकाच संघात जागा करून दिली. पार्माचा अँचेलोटी आणि मिलानचा अँचेलोटी यांच्यात स्वभाव तोच, बोलणं तेच. बदलली ती खेळाची सक्ती. तो मोकळा कोच झाला तो मिलानमध्ये, आणि लोक समजतात तो जन्मापासून तसाच.

हा घोळ टपरीवर झाला तर फारसं बिघडत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तो केला आणि दहा वर्षं घालवली. स्वेन-योरान एरिक्सन 2001 ते 2006 कोच होता. सौम्य माणूस. 2006 च्या वर्ल्डकपला खेळाडूंच्या बायका आणि मैत्रिणी जर्मनीतल्या बाडेन-बाडेनमध्ये, मागे फोटोग्राफरांची फौज. क्वार्टर फायनलला हरल्यावर सगळ्यांचं एकमत, फार लाड झाले. मधे मॅक्लॅरेनची थोडी कारकीर्द झाली आणि मग फाबियो कापेलोला आणलं. जेवणाच्या टेबलावर मोबाइल बंद, केचप बंद. 2010 च्या वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत दहापैकी नऊ मॅच जिंकल्या तेव्हा त्या केचपबंदीचं काय कौतुक झालं! मग वर्ल्डकपला दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टेनबर्गचा तो एकाकी कॅम्प, अल्जीरियाशी 0-0, आणि ब्लूमफाँटेनला जर्मनीकडून 1-4.

वागणुकीची शिस्त या टोकाची त्या टोकाला गेली. मैदानात काय झालं? 2004 च्या युरोमध्ये एरिक्सनने 4-4-2 धरून ठेवलं, मधे जेरार्ड आणि लॅम्पार्ड, म्हणून पॉल स्कोल्सला डाव्या कडेला उभं केलं. त्या युरोनंतर स्कोल्सने इंग्लंडला रामराम केला. 2010 ला कापेलोने 4-4-2 धरून ठेवलं, मधे लॅम्पार्ड आणि बॅरी, म्हणून जेरार्डला डाव्या कडेला उभं केलं. तीच चौकट, तीच कड, फक्त त्या कडेला टाकलेला माणूस वेगळा. जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा शॉट रेषेच्या चांगला आत पडला होता आणि गोल दिला नाही, हा अन्याय मी विसरलेलो नाही. पण मधल्या फळीला जर्मनीने ज्या सहजतेने ओलांडलं त्याचा केचपशी संबंध नव्हता.

उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. 2016 मध्ये अँचेलोटी जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला, पेपच्या जागी. तीन वर्षं प्रत्येक पावलाचा हिशेब देणाऱ्या खेळाडूंना आता ‘तुम्हाला कळतं’ असं सांगितलं गेलं. सराव हलका पडतो अशी कुरबुर बाहेर येऊ लागली. 27 सप्टेंबर 2017 ला पॅरिसमध्ये रॉबेन, रिबेरी, हुमेल्स बेंचवर, बोआटेंग तर संघाबाहेरच, 0-3 हार, आणि दुसऱ्याच दिवशी तो बडतर्फ. सक्तीची सवय झालेल्या टीमला ती एकदम काढून घेतली की पोकळी वाटते. पण तिथेही खेळाडूंनी मागितलं ते अधिक नेमकं काम. केसांचे नियम कुणी मागितले नव्हते.

मला विचाराल तर वागणुकीचे नियम दोन-चारच असावेत आणि खेळाची रचना हाताशी असलेल्या माणसांवरून ठरावी. पेपची कला मी मान खाली घालून मानतो, पण हेन्रीला गोलनंतर बाहेर बसवलेलं मला आजही रुचत नाही. 4 मे 2022 च्या रात्री, मँचेस्टर सिटीविरुद्ध रेआल माद्रिदच्या रॉड्रिगोने दोन मिनिटांत दोन गोल करून मॅच वाढीव वेळेत नेल्यावर अँचेलोटी रेषेपाशी क्रोस आणि मार्सेलोशी बोलत होता, कुणाला आत आणायचं यावर. क्रोसला त्यानेच बाहेर काढलं होतं, मार्सेलो मैदानात उतरलाच नव्हता. काही जण याला दुबळेपणा म्हणाले. मला तो पहाटेपर्यंत जागल्याचा मोबदला वाटला.

एक शेवटचं, कारण यात हमखास चूक होते. नियम दिसला की तो कोचचाच असं आपण धरून चालतो. इटलीत टीम हरायला लागली की तिला सरावकेंद्रात मुक्कामाला डांबायची रीत आहे, तिला ‘रितिरो’ म्हणतात. नोव्हेंबर 2019 मध्ये नापोलीच्या अध्यक्षाने, दे लॉरेंतीसने, टीमवर आठवडाभराचं रितिरो लादलं. कोच अँचेलोटी होता. आपल्याला हे पटलेलं नाही असं त्याने पत्रकारांसमोर सांगितलं. 5 तारखेला साल्झबर्गशी 1-1 बरोबरी झाली आणि खेळाडूंनी हुकूम झुगारला, स्टेडियममधून सगळे आपापल्या घरी निघून गेले. अँचेलोटी मात्र आपल्या सहायकांना घेऊन कास्तेल व्होल्तुर्नोच्या सरावकेंद्रात गेला आणि त्या रिकाम्या केंद्रात रात्र काढली. महिन्याभराने, गेंकला 4-0 हरवल्यानंतर काही तासांतच त्याला काढलं. जागी आला जेनारो गट्टूसो, आणि पुन्हा सगळे म्हणाले, बरं झालं, आता कडक माणूस आला.