मोटारगाड्यांची मॉडेलनावे

एकाच कंपनीच्या निरनिराळ्या गाड्या ओळखता याव्यात म्हणून दिलेले अक्षर, आकडा किंवा शब्द म्हणजे मॉडेलचे नाव. सुरुवातीची नावे कारखान्याच्या वहीतून उचलल्यासारखी होती. फोर्डने १९०३ मध्ये ‘ए’पासून सुरुवात केली आणि १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली. सित्रोएनच्या ‘२सीव्ही’तला (१९४८) दोन हा आकडा तर कर ठरवण्यासाठी मोजलेल्या अश्वशक्तीचा, इंजिनाची खरी ताकद त्याहून जास्त होती.

पुढे कंपन्यांनी एकेक सूत्र धरले. लॅम्बोर्गिनीने बैलझुंजीच्या परंपरेतली नावे घेतली. टोयोटाच्या क्राउन, कोरोना, कोरोला आणि कॅमरी या नावांमागे मुकुटाची कल्पना आहे.

आकडे निरुपद्रवी वाटले तरी वाद त्यांच्यावरूनही होतात. पोर्शेने १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘९०१’ मांडली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे, असा आक्षेप प्यूजोने घेतला आणि तीच गाडी ‘९११’ म्हणून अजरामर झाली. शब्दांचे धोके वेगळे. मित्सुबिशीची ‘पाजेरो’ स्पॅनिश बोलीत अश्लील ठरते, म्हणून तिथे ती ‘माँटेरो’ या नावाने विकली गेली. टाटाच्या ‘झिका’चे नाव तर जाहीर झाले आणि नेमकी त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ पसरली, २०१६ मध्ये ती ‘टियागो’ झाली.

फसलेल्या नावाचे उदाहरण म्हणून फोर्डची ‘एडसेल’ (१९५७) हमखास पुढे केली जाते. नावासाठी कवयित्री मेरिअन मूर यांनाही विचारले होते. त्यांच्या सूचनांत ‘युटोपियन टर्टलटॉप’ असले अफलातून नाव होते. शेवटी हेन्री फोर्ड यांच्या मुलाचेच नाव दिले गेले. १९५९ मध्ये उत्पादन थांबले, पण सगळे खापर नावावर फोडणे बरोबर नाही. गाडीचे रूप लोकांना रुचले नाही आणि त्यात मंदी आली.

चालवणारे मात्र कंपनीचे ऐकतातच असे नाही. फोक्सवॅगनच्या कागदांवरची ‘टाइप १’ लोकांनी ‘बीटल’ केली आणि कंपनीने मुकाट्याने तेच नाव स्वीकारले. बीएमडब्ल्यूच्या चाहत्यांची कुरकुर वेगळीच: पूर्वी ‘३२०’ म्हणजे तीन मालिका, दोन लिटर इंजिन असा सरळ हिशेब असे, २०१२ च्या सुमाराच्या ‘३२८आय’मध्ये मात्र टर्बो लावलेले दोन लिटरचेच इंजिन होते. काही जर्मन कंपन्या मागणीनुसार डिकीवरचा मॉडेलक्रमांक न लावताही गाडी देतात. स्वस्तातले इंजिन घेणाऱ्यांना ही सोय आवडते, आणि सर्वांत महागडे घेऊन गुपचूप पुढे निघून जाणाऱ्यांनाही.