मागच्या ॲक्सलचा आकडा: ३.६४ पासून ३.७३ पर्यंत

फोर्डच्या जुन्या पिकअपखाली पाठीवर सरपटत गेलात, तर डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरपेटीच्या) झाकणावर एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली सापडते. चिखल पुसला की तिच्यावर '३एल७३' अशी अक्षरं दिसतात. रेशो ३.७३, आणि मधला 'एल' म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारं डिफरन्शियल. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, ३.७३ वेळा फिरला की चाकाचा एक फेरा होतो. आकडा मोठा तितकी चाकाला ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरणार. हे गणित शंभर वर्षांत बदललेलं नाही. त्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं, ते मात्र पार बदललं.

१९०८ च्या मॉडेल टी मोटारीत ॲक्सलमधल्या क्राऊनला (मोठ्या दातेरी चक्राला) ४० दाते आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ११, म्हणजे रेशो ३.६४. पुढे जायला गिअर दोनच. १९१७ मध्ये फोर्डने त्याच, जेमतेम २० अश्वशक्तीच्या इंजिनावर एक टनी ट्रक काढला, मॉडेल टीटी. इंजिन तेच, गिअर तेवढेच; मग एक टन माल ओढायचा कसा? उत्तर मागच्या ॲक्सलमध्ये होतं. तिथे वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्याने चक्र फिरवणारा) बसवून रेशो थेट ७.२५ वर नेला. ट्रक ओझं ओढू लागला, वेगाच्या नावाने मात्र बोंब. ज्यांना जरा पळायचं होतं त्यांच्यासाठी ५.१७ चा पर्याय होता. पिकअप घेताना आजही पडणारा 'ओढ की वेग' हा प्रश्न तेव्हाच जन्माला आला.

हे आकडे असे अडनिडे का, सरळ ४ का नाही? ४० आणि १० दाते ठेवले तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच चार दात्यांवर आयुष्यभर घासत राहील. ४१ आणि १० ठेवले की प्रत्येक दात्याची प्रत्येकाशी गाठ पडते आणि झीज सगळीकडे सारखी होते. म्हणून ४.१०. तसंच ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३.

१९२६ मध्ये पॅकार्डच्या मोटारींत हायपॉइड गिअर आले. ते कापण्याचं तंत्र रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीचं. त्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली सरकला, त्यामुळे शाफ्ट खाली गेला आणि आवाजही कमी झाला. दाते एकमेकांवर जास्त घसरू लागले, म्हणून खास तेल लागू लागलं.

खरी उलथापालथ १९७३ च्या तेलटंचाईने केली. अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५ मध्ये मायलेजच्या मानकांचा कायदा झाला. कंपन्यांनी सर्वांत स्वस्त उपाय केला: ॲक्सलचा आकडा उतरवला. अर्धा टनी पिकअपमध्येही २.७३ दिसू लागला. रिकामी गाडी पेट्रोल वाचवायची. ट्रेलर लावून चढणीवर घेतली की रडायची. मोठ्या आकड्याचं वेड बऱ्याच जणांना तिथूनच लागलं असावं, असं मला वाटतं.

त्यावरचा इलाज गिअरबॉक्सने केला. जनरल मोटर्सच्या तीन गिअरच्या टीएच३५० या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचा रेशो २.५२ होता आणि वरचा थेट, म्हणजे १. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ मध्ये पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०. आता गुणाकार करून बघा. जुन्या बॉक्सला ४.१० चा ॲक्सल लावला तर पहिल्या गिअरमध्ये एकूण १०.३३; नव्याला ३.४२ लावला तर १०.४७. गाडी उचलायला दोन्ही सारख्याच, पण महामार्गावर एक ४.१० वर धावते आणि दुसरी २.३९ वर. २०१७ च्या फोर्डच्या एफ-१५० पिकअपमधल्या दहा गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ४.७० आहे. म्हणून 'ट्रेलर ओढायचाय तर ४.१० च हवा' हा सल्ला ऐकला की मी आधी विचारतो, गिअरबॉक्स कुठला?

आपल्या गाडीत काय आहे ते आधी कळायला हवं. जनरल मोटर्सच्या अनेक पिकअपमध्ये ग्लव्ह बॉक्समधल्या लेबलवर कोड असतात: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. पण लेबल सांगतं कारखान्यातलं; नंतर कोणी क्राऊन-पिनियन बदललं असेल तर ते त्याला ठाऊक नसतं. मग मोजायचंच. पुढच्या चाकांना अडण लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रल करा. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून ठेवा, दुसरं वीस वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक धरलं की दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून वीसने नाही, दहाने भागलं की रेशो. एकाच फेऱ्यावर ३.४२ आणि ३.५५ वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून वीस. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं एकत्र दहा वेळा फिरवायची.

टायर बदललेत का तेही बघा. ३० इंचांऐवजी ३३ इंची टायर घातले की ३.७३ चा ॲक्सल ३.३९ सारखा वागतो. तो दम परत आणायला ४.१० घालायचं ठरवलंत आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढच्या ॲक्सलचं क्राऊन-पिनियनही त्याच रेशोचं घालावं लागतं.