रानगाजर आणि गाजर गवत: एका नावाचा घोळ

नागपुरात कोणाला रानगाजर विचारलं तर तो बहुधा घरामागच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवेल. पांढऱ्या बारीक फुलांचं, चिरलेल्या पानांचं ते गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. त्याचं गाजराशी नातं फक्त पानांच्या दिसण्यापुरतं. कूळ सूर्यफुलाचं, माहेर अमेरिका खंड. भारतात ते पसरल्याची नोंद 1956 साली पुण्याहून झाली, आणि आयात गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास मानलं जातं. अंगाला खाज, पुरळ, दमा देणारं हे तण कोणी 'रानगाजर' समजून काढ्यात टाकू नये, म्हणून आधी हा घोळ निस्तरावा लागतो.

खरं रानगाजर म्हणजे डॉकस कॅरोटा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली हे शास्त्रीय नाव दिलं. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू ही त्याची भावकी. आपल्या फोडणीचा निम्मा डबा म्हणा ना! युरोप, पश्चिम आशिया हे त्याचं घर. आपल्याकडे काश्मीर आणि पश्चिम हिमालयात ते आढळतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते आपसूक उगवेल ही आशा नको.

झाड दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी नुसती पानं आणि बोटभर, पांढरट मूळ. तेच खायचं. दुसऱ्या वर्षी देठ उंचावतो, छत्रीसारखा पांढरा फुलोरा येतो आणि मूळ लाकडासारखं होतं. बी धरलं की ती छत्री मिटून पाखराच्या घरट्यासारखी दिसते. पुष्कळदा फुलोऱ्याच्या मधोमध एकच गडद तांबूस फूल असतं. देठावर लव असते आणि चुरगळल्यावर गाजराचा वास येतो. या खुणा महत्त्वाच्या, कारण युरोपात याच कुळातलं विषारी हेमलॉक असंच दिसतं. त्याचा देठ मात्र गुळगुळीत, जांभळ्या ठिपक्यांचा. इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला दिलेला प्याला त्याचाच, असं मानतात.

औषध म्हणून प्राचीनांचा भर मुळापेक्षा बियांवर होता. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ते लघवी आणि पाळी साफ करणारं सांगतो. गर्भ राहू नये म्हणूनही बी घेण्याची जुनी चाल होती. गर्भवतीने त्याच्या वाटेला जाऊ नये, ते यामुळेच.

शेतातलं गाजर याच रानटी जातीतून आलं. दहाव्या शतकाच्या सुमारास अफगाणिस्तान-इराण पट्ट्यात जांभळी आणि पिवळी गाजरं होती. अरबांमार्फत ती पश्चिमेला गेली; बाराव्या शतकात स्पेनमधला शेतीवर लिहिणारा इब्न अल-अव्वाम लाल आणि पिवळ्या गाजराची नोंद करतो. केशरी जात डचांनी रुजवली. ती त्यांच्या 'ऑरेंज' नावाच्या राजघराण्याच्या मानासाठी, ही गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. 1831 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाकेनरोडरने गाजरातून रंगद्रव्य वेगळं काढलं आणि 'कॅरोटीन' हे नाव गाजरावरूनच पडलं.

आपल्या ग्रंथांत 'गृंजन' हा शब्द येतो. मनुस्मृती त्याला लसूण-कांद्याच्या पंक्तीला बसवून निषिद्ध ठरवते, त्यामुळे तिथे गाजर अभिप्रेत आहे की कांद्याचाच एखादा प्रकार, यावर अभ्यासकांत एकमत नाही. सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ मात्र गृंजन म्हणजे गाजर असं स्पष्ट सांगतो आणि त्याला 'नारंगवर्णक', म्हणजे नारिंगी रंगाचं, म्हणतो. संत्र्याच्या गावात राहणाऱ्याला हा शब्द वाचून गंमत वाटणारच. तीक्ष्ण, उष्ण, भूक वाढवणारं, मूळव्याध व संग्रहणीत उपयोगी, असं त्याचं वर्णन आहे. पण हे पिकाच्या गाजराचे गुण. ते रानटी झाडाला आपोआप चिकटवता येत नाहीत.

राहिलं गाजराचं बी. बियाण्याच्या दुकानात मिळणारं पाकीट पेरणीसाठी असतं आणि त्यावर बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. काढ्याला ते चालत नाही. औषधाचं बी काष्ठौषधीच्या दुकानातून, आणि तेही वैद्याला विचारूनच घ्यायचं.