पार्श्वभूमी: पोटात बसवायचा इन्सुलिन पंप

त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन सावकाश आणि दर वेळी थोड्या वेगळ्या गतीने रक्तात उतरतं. कमरेला लावायच्या पंपाचंही तेच, कारण त्याची नळीसुद्धा त्वचेखालीच संपते. टाइप 1 मधुमेहाच्या मोजक्या रुग्णांत हे शोषण इतकं बेभरवशाचं असतं की डोस तोच असूनही साखर एकदा 400च्या वर जाते, तर एकदा बेशुद्ध पडण्याइतकी उतरते. अशांसाठी 1980च्या सुमारास पंप शरीरातच बसवायचे प्रयोग सुरू झाले.

पंप म्हणजे टिटॅनियमची जाड चकती. ती पोटाच्या त्वचेखाली बसवतात आणि नळीचं टोक उदरपोकळीत सोडतात. तिथलं इन्सुलिन बरंचसं आधी यकृतात जातं, निरोगी स्वादुपिंडातून जातं तसंच. दर काही आठवड्यांनी डॉक्टर त्वचेतून सुई घालून जुनं इन्सुलिन काढतात, नवं भरतात.

खरी अडचण इन्सुलिनचीच होती. शरीराच्या उबेत, सतत हलत राहून त्याच्या गुठळ्या होत आणि पंप कमी औषध सोडू लागे. मग कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाने तो आतून धुवावा लागे. नळीच्या टोकावर पेशीजाल चढलं, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. तरीही 1995मध्ये युरोपात विक्रीला परवानगी मिळाली. अमेरिकेत कधीच मिळाली नाही. फ्रान्समध्ये मात्र हा उपचार रुजला. खास या पंपासाठीच्या, मिलिलिटरला 400 युनिटच्या इन्सुलिनला 2013मध्ये युरोपीय मंजुरीही मिळाली.

आणि काही वर्षांतच उत्पादक कंपनीने पंप बनवणं थांबवलं. वाद आहे तो याच निर्णयाचा. रुग्ण थोडे, यंत्र महाग, आणि साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांवर आपोआप चालणारे बाहेरचे पंप आता खूप सुधारलेत, असं समर्थन केलं जातं. ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही आहे. पण ज्यांचं दुखणंच त्वचेखालच्या शोषणाचं आहे, त्यांना हुशार पंप काय देणार? औषध पुन्हा त्याच जागी जायचं. शिवाय बॅटरी संपली की अख्खा पंप शस्त्रक्रियेने बदलावा लागतो, आणि बदलायला नवा पंपच नाही. पर्यायी उपचार तपासून सिद्ध होईपर्यंत थोडे पंप तरी बनवत राहायला हवे होते.

उरलेले मार्ग सोपे नाहीत. स्वादुपिंड किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपण केलं, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची मागे लागतात. पोटाच्या भिंतीत कायमचं छिद्र ठेवून त्यातून बाहेरच्या पंपाने इन्सुलिन आत सोडता येतं, पण तिथे जंतुसंसर्गाचा धोका राहतो.