ब्लीचने डाग जातो, बुरशी जात नाही

भिंतीवर काळे ठिपके दिसले की ब्लीच मारा, बुरशी कायमची जाते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. काच, फरशी यांवर ब्लीच चालतं. पण गिलावा, लाकूड, प्लायवूड पाणी शोषून घेतात. तिथे ब्लीच वरचा रंग उडवतं, भिंत स्वच्छ दिसते. त्यातलं पाणी मात्र आत मुरतं आणि खोल रुतलेले बुरशीचे तंतू तग धरतात. काही आठवड्यांत ठिपके पुन्हा त्याच जागी.

भिंतीला चिकटलेलं कपाट ओढून मागे हात लावून बघा. भिंत गार, दमट लागते, कुबट वास येतो, कारण तिथे हवाच खेळत नाही. खरं दुखणं ही ओल आहे. गळका पाइप, भिंतीतली चीर आधी दुरुस्त करा. भिजलेलं काहीही 24 ते 48 तासांत वाळवा. कपाट चार बोटं पुढे सरकवा. घरातल्या हवेची आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवा. साध्या आर्द्रतामापकावर ती कळते. बाहेरचीच हवा दमट असेल तर खिडक्या उघडून भागत नाही, एसी किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लागतं.

डाग साबणाच्या पाण्याने घासा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग लावा. आणि कळकळीने सांगते, ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.