पेंग्विनांचे जीवाश्म
पेंग्विन (गण स्फेनिसिफॉर्मीस, कुल स्फेनिसिडी) या उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्यांचे खडकांत सापडणारे अवशेष. बहुतेक पक्ष्यांची हाडे पोकळ व ठिसूळ असल्याने ती क्वचितच टिकतात. पेंग्विनांची हाडे मात्र बुडी मारण्यास सोयीची अशी भरीव व जड असतात, शिवाय हे पक्षी बहुधा समुद्रात किंवा किनाऱ्यालगत, म्हणजे गाळ साचतो तेथेच मरतात. त्यामुळे त्यांचे जीवाश्म तुलनेने विपुल आहेत. न्यूझीलंड, अंटार्क्टिकातील सेमूर बेट, पेरू, चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे ते मिळाले आहेत. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर सापडणारे प्लोटोप्टेरिडी कुलातील पक्षी बरेचसे पेंग्विनांसारखे दिसत असले, तरी बहुतेक अभ्यासक त्यांना पाणकावळ्यांच्या आप्तांत धरतात.

पहिल्या जीवाश्माचे वर्णन ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सली यांनी १८५९ मध्ये केले व त्याला पॅलीयूडिप्टीस अंटार्क्टिकस असे नाव दिले. वॉल्टर मँटेल यांनी न्यूझीलंडहून पाठवलेले ते एकच हाड होते : घोट्याची व तळपायाची हाडे जुळून झालेले, पक्षिशास्त्रात टार्सोमेटाटार्सस म्हणतात ते. पेंग्विनात हे हाड आखूड, रुंद व अर्धवट जुळलेले असल्याने एवढ्यावरूनही पक्षी ओळखता येतो. मात्र ते नेमक्या कोणत्या थरातून आले याविषयी शंका असल्याने त्याचे वय उत्तर इओसीन किंवा पूर्व ऑलिगोसीन (सुमारे ३.८ ते २.८ कोटी वर्षांपूर्वीचे) असे मोघमच सांगावे लागते.

पेंग्विनांचे पूर्वज उडत होते की नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. रशियन पक्षिशास्त्रज्ञ मेंझबीर यांनी १८८७ च्या सुमारास पेंग्विन इतर पक्ष्यांपासून स्वतंत्रपणे सरीसृपांतून उद्भवले असावेत, असे सुचवले. पेंग्विन हा आदिम पक्षी असल्यास त्याच्या गर्भात पिसे व खवले यांचा दुवा दिसेल, या अपेक्षेने १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात स्कॉट यांच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे अंटार्क्टिकातील केप क्रोझिअरला गेले आणि सम्राट पेंग्विनाची तीन अंडी घेऊन परतले. गर्भांवरील अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून फारसे काही हाती लागले नाही. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ पर्सी लोव यांनी पेंग्विनांचे पूर्वज कधीच उडत नव्हते असे प्रतिपादन केले. अमेरिकन पुराजीववैज्ञानिक जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४६ मध्ये जीवाश्मांच्या आधारे त्याचे सविस्तर खंडन केले. पंखातील जुळलेली पंजाची हाडे, उरोस्थीवरील (छातीच्या हाडावरील) उंच कंगोरा यांसारखी वैशिष्ट्ये उडणाऱ्या पूर्वजांकडूनच आली असली पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद अधिक सयुक्तिक असून आज तोच ग्राह्य धरला जातो. जनुकीय अभ्यासांनीही पेट्रेल व अल्बट्रॉस या उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या गणाशी पेंग्विनांचे निकटचे नाते दाखवले आहे. तथापि उडू शकणारा पेंग्विन जीवाश्मरूपात अद्याप मिळालेला नाही.

न्यूझीलंडमधील वायपारा नदीच्या परिसरातील व २००६ मध्ये वर्णन झालेला वायमानू हा ज्ञात पेंग्विनांतील अतिप्राचीनांपैकी एक होय. तो सुमारे ६.१ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या विनाशानंतर अवघ्या काही दशलक्ष वर्षांतला असूनही उडत नव्हता. आजच्या जातींचा सामाईक पूर्वज कधी होऊन गेला याविषयी मात्र अंदाजांत मोठी तफावत आहे : २००६ च्या एका अभ्यासात सुमारे ४ कोटी, २०१७ च्या अभ्यासात सुमारे १.३ कोटी, तर २०२० च्या जनुकसंच-अभ्यासात सुमारे २.२ कोटी वर्षे. उगमस्थान अंटार्क्टिका मानावे की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा किनारा, याविषयीही मतभेद आहेत. जीवाश्मांचा पुरावा विचारात घेता ४ कोटी वर्षांचा अंदाज फार जुना वाटतो.

आकाराविषयीचे आकडे सावधपणे घ्यावे लागतात. २०२३ मध्ये वर्णन झालेल्या कुमिमानू फोर्डायसी या जातीचे वजन सुमारे १५० किग्रॅ. असावे असे भुजास्थीच्या (पंखातील वरच्या हाडाच्या) मापावरून काढले आहे; परंतु त्यासाठी तुलनेला घेतलेल्या हयात पेंग्विनांत सर्वांत मोठा सम्राट पेंग्विन सुमारे ४० किग्रॅ.चाच असतो. महाकाय पेंग्विन नाहीसे होण्यामागे सील व दंतुर देवमासे यांची स्पर्धा असावी, असा एक तर्क आहे.

मृदू भागांचे पुरावे विरळ आहेत. पेरूतील सुमारे ३.६ कोटी वर्षांपूर्वीच्या इंकायाकू या पेंग्विनाची पिसे टिकली असून त्यांतील रंगकणांवरून तो करडा व तांबूस तपकिरी असावा असे २०१० मध्ये मांडण्यात आले. पेरूच्याच पिस्को शैलसमूहात स्फेनिस्कस प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) मायोसीन काळातील, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे, जीवाश्म मिळतात. मुंबईच्या राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विन याच प्रजातीतला.

दक्षिण आफ्रिकेत लांगेबानवेख येथे सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच्या किमान चार जाती आढळल्या आहेत. आता त्या किनाऱ्यावर आफ्रिकी पेंग्विन ही एकच जाती प्रजनन करते. समुद्रपातळी बदलून घरट्यांना योग्य बेटे कमी झाल्याने पूर्वीच्या जाती संपल्या असाव्यात, असे एक मत आहे. उरलेल्या जातीची घट मात्र अलीकडची आहे : ज्या विष्ठेच्या थरांत ती बिळे करीत असे ते एकोणिसाव्या शतकात खतासाठी खरवडून नेले गेले आणि पुढे तिचे भक्ष्य असलेल्या सार्डिन व अँकोव्ही माशांचीही टंचाई झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत केला. त्या वेळी जंगली अवस्थेत प्रजननक्षम जोड्या १०,००० पेक्षा कमी होत्या.